व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना: निम्मं काम व्हीसीआरपाशीच असतं

तुमच्याकडे १९८८ ते १९९७ दरम्यानच्या चौदा व्हीएचएस कॅसेट आहेत. लग्न, मुंज, बारसं आणि रत्नागिरीच्या घरचे गणपती. दोन कॅसेटींत पांढरे ठिपके दिसतात, एक अमेरिकेहून मामांनी पाठवलेली आहे. यूएसबीचं एक स्वस्त कॅप्चर उपकरण आणलं, तर चित्र काळं-पांढरं येऊन वरखाली सरकतं. एकदा रंग आले, पण कॅसेट संपेपर्यंत आवाज दोन-तीन सेकंद मागे पडला. शेवटी सगळं डीव्हीडीवर हवं आहे, आणि घरच्या घरी होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

होईल. पण संगणकाकडे वळण्याआधी कॅसेट आणि व्हीसीआर नीट बघा. टेपवरून जे चित्र उतरलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, आणि जुनी टेप दर वेळी चालवताना थोडी झिजतेच. म्हणून एकदाच वाजवायची, पण सगळी तयारी करून.

सुरुवात ठिपकेवाल्या दोन कॅसेटींपासून, कारण इथली एक चूक बाकीच्या बारांना भोवते. कॅसेट हातात धरून पारदर्शक खिडकीतून टॉर्चचा उजेड तिरका पाडा. गुंडाळीच्या कडेवर पिठासारखे पांढरे ठिपके किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, 'एकदा लावून बघू' असंही नको. व्हीएचएसचा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि आपल्याकडच्या पाल व्हिडिओ पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे मारतो. त्यावरच्या हेडची फट एका मायक्रॉनहूनही कमी रुंदीची. बुरशीचा एक कण तिथे बसला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. शिवाय तीच बुरशी ड्रमवरून पुढच्या कॅसेटीला लागते.

बुरशीचं काम पावसाळ्यात काढू नका. आधी कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत दोन आठवडे ठेवा. बुरशी वाळली की भुकटीसारखी सुटते, ओली असताना मात्र पुसायला गेलं तर पसरते. उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर, ओव्हन, हे काही नको. उष्णतेने टेप आखडते, वाकडी होते.

मग गॅलरीत किंवा अंगणात, एन-९५ मास्क लावून कॅसेट उघडायची. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते काढून कॅसेट सुलटी करा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. आत चाकांना थोपवणारी छोटी ब्रेक आणि बारीक स्प्रिंग असतात, त्या उडतात. म्हणून झाकण उचलल्याबरोबर टेपचा मार्ग आणि स्प्रिंगांच्या जागा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गुंडाळीच्या कडेवरची भुकटी मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. त्यानंतर दोन्ही चाकं टेपसकट एखाद्या स्वच्छ, निकामी कॅसेटीच्या कवचात बसवा. टेपचा पुढचा उघडा भाग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीत दोन बोटांनी अलगद धरायचा आणि चाकं फिरवत टेप त्यातून सरकवायची. कापडावर करडी-पांढरी रेघ उमटू लागते; ती गडद झाली की घडीची बाजू बदला. पूर्ण टेप एकदा कोरड्या कापडातून जाऊ द्या. डाग चिकट असतील तिथेच कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम दमट करा आणि नंतर पुन्हा कोरडं कापड. ई-१८० कॅसेटीत जवळजवळ २५८ मीटर टेप असते, तेव्हा हे काम अर्ध्या दिवसाचं आहे हे धरून चाला. तो वेळ नसेल तर अशा कॅसेटी जाणकाराकडे द्या, पण अर्धवट साफ केलेली कॅसेट मशीनमध्ये घालू नका. आणि साफ केलेल्या कॅसेटीही रांगेत सगळ्यात शेवटी ठेवा.

टेप तुटलेली निघाली तर घरातली सेलोटेप वापरू नका. तिचा डिंक उष्णतेने पाझरतो आणि ड्रमला लागतो. जोडणीची खास पट्टी मिळते, ती टेपच्या मागच्या बाजूला लावायची. झाकण वर केल्यावर आपल्याला दिसते ती बाहेरची बाजू रेकॉर्डिंगची, मागची म्हणजे कवचाच्या आतल्या दिशेची. जोड बसला तरी तो ड्रमवरून न्यायचा नाही. जोडाच्या थोडं आधी थांबा, कॅसेट बाहेर काढा, हाताने चाक फिरवून जोड पुढे सरकवा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा. दोन फाइली होतील, त्या संगणकावर जोडता येतात.

प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर डाव्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती तोडून टाका. घाईत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर लग्नाच्या मंगलाष्टकांवर निळा पडदा रेकॉर्ड होतो, आणि ते परत मिळत नाही.

आता व्हीसीआर. फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवा व्हीसीआर जगात कुठेच तयार होत नाही. म्हणजे जे मिळेल ते जुनंच. फक्त वाजवणारा साधा व्हीसीपी टाळा, शक्यतो चार हेडचा हाय-फाय व्हीसीआर शोधा. घेताना स्वतःची नको असलेली एक कॅसेट बरोबर न्या आणि तीन गोष्टी बघा. प्ले, स्टॉप, रिवाइंड, इजेक्ट असं पाच-सहा वेळा करून टेपला सुरकुती पडते का. रिवाइंड करताना शेवटाकडे दमल्यासारखा आवाज येतो का, कारण तसा आला तर पट्टा किंवा आयडलरचं, म्हणजे टेपची चाकं फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं, रबर कडक झालेलं आहे. आणि पंधरा मिनिटं चालल्यावरही चित्र स्थिर राहतं का. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर पट्टे, केबल आणि मशीन हाताळलेला माणूस भेटण्याची शक्यता बरी असते.

हेड साफ करायला बाजारी 'क्लीनिंग कॅसेट' वापरण्यापेक्षा हात वापरा. कोरड्या क्लीनिंग कॅसेटी हेड घासतात. व्हीसीआरचा प्लग काढून पंधरा मिनिटांनी वरचं झाकण उघडा. साधा पांढरा बाँड कागद बोटभर रुंदीच्या पट्टीत कापा, त्यावर आयसोप्रोपिलचे दोन-तीन थेंब टाका, पट्टी ड्रमच्या बाजूला टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रमला वरून पकडून सावकाश फिरवा. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. पाच-सहा फेऱ्यांत कागदावर काळपट तपकिरी रेघ येईल. नवी पट्टी घेऊन ती स्वच्छ निघेपर्यंत करा. इअरबडने वरखाली कधीच घासू नका. हेडचं फेराइट टोक नखाच्या कडेपेक्षाही लहान असतं, उभ्या धक्क्याने त्याचा टवका उडतो आणि मशीन संपलं. ड्रमशेजारचं आवाजाचं स्थिर हेड, मिटवणारं हेड आणि टेपला वळवणारे धातूचे खांब मात्र बडने पुसायला हरकत नाही. टेप दाबून पुढे नेणारा पिंच रोलर रबराचा असतो, त्याला अल्कोहोल नको. दमट कापडाने पुसून वाळू द्या. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट यापैकी कशालाच वापरू नका, त्यात पाणी आणि इतर मिसळण असते. झाकण लावण्याआधी अर्धा तास सगळं कोरडं होऊ द्या.

कॅप्चर सुरू करण्याआधी कॅसेट शेवटपर्यंत फॉरवर्ड करा आणि पूर्ण रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली गुंडाळी थोडी सैल-घट्ट झालेली असते. या एका फेरीने ताण सारखा होतो आणि चित्राचं थरथरणं बरंच कमी होतं. बाहेरून आणलेली कॅसेट त्याच खोलीत काही तास ठेवून मगच लावा. थंड कॅसेट दमट हवेत आली की टेपवर बाष्प धरतं आणि टेप ड्रमला चिकटते.

नंतर ट्रॅकिंग. पडद्यावर आडवे पांढरे फटकारे दिसत असतील तर ऑटो ट्रॅकिंग बंद करून बटणाने हाताने जुळवा. आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटी बहुतेक वेळा मूळ नसतात. व्हिडिओवाला कॅमेऱ्यातल्या टेपवरून संकलन करून गाणी चढवायचा आणि त्याची प्रत घरी द्यायचा, म्हणून त्यात आधीच दोन पिढ्यांची झीज असते. नातेवाइकांकडे त्याच लग्नाची दुसरी प्रत असेल तर मागून बघा. कधीकधी तीच जास्त चांगली निघते. आवाजाचंही बघा. हाय-फाय आवाज फिरत्या ड्रमवरच्या हेडने वाचला जातो, त्यामुळे ट्रॅकिंग जरा बिघडलं की तडतड सुरू होते. तशी तडतड आली तर व्हीसीआरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'नॉर्मल' किंवा 'मोनो' निवडा. मग टेपच्या कडेवरचा साधा ट्रॅक वाजतो. त्यात सूं असा आवाज असेल, पण तो सलग असेल.

आता तुमचं काळं-पांढरं चित्र. यात कॅसेटीचा दोष नाही. भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या आहेत, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). ही स्वस्त उपकरणं मात्र पुष्कळदा अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवर ठरवलेली येतात. पाल सिग्नल एनटीएससी म्हणून वाचला की रंग जातात आणि चित्र सरकत राहतं. सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड पाल-बी करा. तेवढ्याने रंग आले नाहीत तर इनपुट एस-व्हिडिओवर आहे का ते बघा, पिवळ्या केबलसाठी ते कॉम्पोझिट असायला हवं. आणि व्हीसीआरमधून अँटेनाची केबल नको, पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबलच वापरा. मोनो व्हीसीआरला आवाजाचा एकच जॅक असतो, तेव्हा एकाचे दोन करणारी छोटी केबल लावली की दोन्ही कानांत आवाज येतो.

आवाज मागे पडण्याचं कारण वेगळं आहे. व्हीसीआरचा सिग्नल घड्याळासारखा नेमका नसतो. खराब जागी उपकरणाला चौकट ओळखू येत नाही, ते ती टाकून देतं, आवाज मात्र आपल्या गतीने रेकॉर्ड होत राहतो. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे तीन तासांत नुसत्या ७५ चौकटी हुकल्या तरी चित्र तीन सेकंद पुढे धावतं. उपकरणासोबत आलेलं सॉफ्टवेअर हे सांगतही नाही. म्हणून ते बाजूला ठेवा आणि विंडोजवर मोफत मिळणारं व्हर्च्युअलडब वापरा. हुकलेल्या आणि भरलेल्या चौकटींची संख्या ते समोर दाखवतं.

उपकरणाबद्दल एक स्पष्ट मत: हातातलं स्वस्त उपकरण पाल लावूनही चौकटी हुकवत असेल तर त्याच्याशी झगडत बसू नका. हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह२ किंवा आयओ डेटाचं जीव्ही-यूएसबी२ यांसारखं उपकरण घ्या. चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) संगणकाला देणारं हवं. आतच एमपी४ करून देणारं किंवा एव्हीला एचडीएमआय करणारा डबा नको. तो डबा ओळींची जोडी आधीच बिघडवतो, आकार वाढवतो, आणि मग मागे फिरता येत नाही. टेप फारच थरथरत असेल, उभ्या रेषा वरच्या टोकाला झेंड्यासारख्या वाकत असतील, तर व्हीसीआर आणि उपकरण यांच्यामध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून सिग्नल त्यातून जाऊ द्या. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी ओळखले जातात. रेकॉर्ड काहीच करायचं नाही, फक्त त्यांच्या आतला भाग प्रत्येक ओळ जागेवर बसवून पुढे देतो. कधीकधी खराब टेपचा सिग्नल अशा मशीनला कॉपी-संरक्षण असल्यासारखा वाटतो आणि ते अडून बसतं. तेवढ्या कॅसेटीपुरता तो रेकॉर्डर काढून टाका.

व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर अवस्थेत आकार ७२० बाय ५७६, रंगाचं स्वरूप वाययूवाय२, गती २५ ठेवा. दाबणीसाठी हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ कोडेक निवडा, त्यात चित्राचा एक ठिपकाही हरवत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, न दाबलेला. टायमिंगच्या खिडकीत चौकटी फार लांब पडल्या तर भरायच्या आणि आवाज चित्राच्या गतीला जुळवून घ्यायचा, हे दोन्ही पर्याय चालू करा. तुमचा आवाज मागे पडण्याचा प्रश्न इथेच सुटतो.

काहीही न दाबता हा व्हिडिओ सेकंदाला २० मेगाबाइटहून जास्त जागा खातो, तासाला साधारण ७५ जीबी. हफवाययूव्हीने तो तासाला ३० ते ४० जीबीवर येतो. चौदा कॅसेटींसाठी दोन टीबीची डिस्क घ्या आणि ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून ठेवा, फॅट३२ वर फाइल चार जीबीला थांबते. कॅप्चर उपकरण थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, हबमध्ये नको. स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद, इंटरनेट बंद, विंडोजचं अपडेट थांबवलेलं. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्हींना परवानगी द्यायला विसरू नका. चित्र येतं पण आवाज नाही, या तक्रारीचं कारण बहुधा तेवढंच असतं. व्हीसीआर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले की आवाजातली गुणगुण आणि चित्रातले सावकाश वर चढणारे आडवे पट्टे पुष्कळदा जातात.

उजेडाची पातळी सुरुवातीलाच ठरवा. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू करून कॅसेटीतला सगळ्यात उजळ प्रसंग लावा. लग्नाच्या कॅसेटीत तो सनगनच्या, म्हणजे व्हिडिओवाल्याच्या प्रखर दिव्याच्या, झोतातला असतो: भटजींचं पांढरं उपरणं, नवरीच्या कपाळावरची चमक. आलेख उजवीकडे लाल पट्ट्यात शिरत असेल तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी करा, जोवर तो १६ ते २३५ च्या आत येत नाही. उपरण्याच्या घड्या कॅप्चरमध्ये एकदा पांढऱ्याफट झाल्या की त्या नंतर काढता येत नाहीत. फिकटपणा मात्र पुढे केव्हाही दुरुस्त होतो, म्हणून शंका असेल तर थोडं मंदच ठेवा.

पहिली कॅसेट लग्नाची लावू नका. टीव्हीवरची मालिका रेकॉर्ड केलेली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट असेलच, तिची वीस मिनिटं कॅप्चर करून ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. मग एकेक कॅसेट. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. मध्येच अचानक मुंग्या आल्या आणि तशाच राहिल्या तर थांबा, हेड पुन्हा साफ करा, थोडं मागे घेऊन सुरू करा. 'पुढे जाऊन सुधारेल' म्हणून चालू ठेवलं की घाण टेपवर ओढली जाते.

कॅप्चर झालेल्या फाइलीत चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी फाटल्यासारख्या दिसतील. घाबरू नका, एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याची ती जागा आहे आणि प्रत्येक व्हीएचएसमध्ये ती असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. ती कापून चित्र ताणू नका, त्यावर काळी पट्टी चढवा. व्हीएचएसच्या प्रत्येक चौकटीत वेगवेगळ्या क्षणांच्या दोन अर्ध्या प्रतिमा एकाआड एक ओळींत असतात. उभी लांबी बदलली की त्या दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि हालचाल धूसर होते.

याच कारणाने डीव्हीडीसाठी डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या प्रतिमांच्या पूर्ण चौकटी, करायचं नाही. डीव्हीडीला ही अर्ध्या प्रतिमांची पद्धत मूळचीच चालते आणि सेकंदाच्या पन्नास हालचाली तशाच टिकतात. फक्त क्रम बरोबर हवा. अशा कॅप्चरमध्ये साधारणपणे वरची ओळ आधी असते. मिनी डीव्हीच्या फाइलीत खालची आधी. क्रम उलटा गेला तर वरातीतला घोडा दोन पावलं पुढे, एक मागे असा चालताना दिसतो. एक मिनिटाची चाचणी रीरायटेबल डिस्कवर काढून टीव्हीवर बघितली की लगेच कळतं. संगणकाच्या पडद्यावर ही चूक सहज ओळखता येत नाही.

डीव्हीडीत बसणारी जागा हिशेबाने वापरा. साध्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांसाठी आवाजासह सेकंदाला सव्वापाच मेगाबिटच्या आत राहावं लागतं, म्हणून व्हिडिओला ४.८ मेगाबिट आणि आवाजाला एसी-३ मध्ये २२४ किलोबिट ठेवा. तासाभराचा कार्यक्रम असेल तर व्हिडिओ आठपर्यंत न्या, त्यावर जाऊन काही प्लेअर अडखळतात. तीन तास एका डिस्कवर कोंबायचे तर जेमतेम तीन मेगाबिट उरतात, आणि व्हीएचएसचे कण डीव्हीडीच्या एमपेग-२ दाबणीतले बरेच बिट खातात, चेहऱ्यांवर चौकोन दिसू लागतात. दोन डिस्क करा. एकच हवी असेल तर आकार ३५२ बाय ५७६ घ्या, डीव्हीडीत तो अधिकृतपणे चालतो. व्हीएचएसची आडवी बारकाई साधारण २४० ओळींची, त्यामुळे या आकारात फारसं काही हरवत नाही आणि तीन मेगाबिट पुरतात.

हे सगळं एव्हीएसटूडीव्हीडी किंवा डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. पाल, ४:३, इंटरलेस्ड, एवढं तपासा. ४:३ ऐवजी १६:९ राहिलं तर सगळी वऱ्हाडी मंडळी जाड दिसतात. प्रकरणं दर दहा मिनिटांनी आपोआप पाडण्यापेक्षा सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, वरात अशी हाताने पाडा. आजीला रिमोटवर पुढचं बटण दाबून नेमकं हवं ते मिळतं.

डिस्क नामांकित कंपनीची घ्या. गठ्ठ्याने मिळणाऱ्या बिननावाच्या डिस्क दोन-चार वर्षांत वाचेनाशा होतात. १६ पट वेगाची डिस्क आठ पटीने बर्न करा, डिस्क लिहिणाऱ्या इमेजबर्न सॉफ्टवेअरमधला व्हेरिफायचा पर्याय चालू ठेवा. लॅपटॉपचा पातळ यूएसबी राइटर अर्ध्यात एरर देत असेल तर दोष बहुधा विजेचा असतो. दोन पोर्टांतून वीज घेणारी केबल लावा किंवा पोर्ट बदला. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, ते वाळून वाकतं आणि डिस्क वेगात डगमगते. पाण्याच्या शाईचं डिस्कसाठीचं पेन वापरा. दीर्घ काळासाठी एम-डिस्क चांगली, पण ती लिहू शकणारा राइटर लागतो, त्यावर तसं चिन्ह असतं.

डीव्हीडी ही बघायची प्रत आहे, मूळ नव्हे. मूळ म्हणजे हार्ड डिस्कवरची हफवाययूव्ही फाइल, आणि ती दोन डिस्कांवर, दोन घरांत असावी. जागा परवडत नसेल तर निदान लग्न आणि मुंजीच्या तरी ठेवा. नव्या टीव्हीच्या यूएसबीसाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एमपी४ वेगळी काढा. इथे मात्र डीइंटरलेस करायचं: बीडब्ल्यूडीआयएफचा बॉब पर्याय, गती ५०, गुणवत्ता आरएफ १८ ते २०, आपोआप कापणं बंद. रंग उजळणं, कण घालवणं, चेहरे तीक्ष्ण करणं हे प्रयोग या प्रतीवर करा. चेहरे 'सुधारणारी' सॉफ्टवेअर नाक-डोळे स्वतःच रचतात, आजोबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कुणी तिसराच बसतो. मूळ फाइलीला त्यांचा हात लागू देऊ नका. आणि लग्नाची कॅसेट यूट्यूबवर चढवायचा विचार असेल तर व्हिडिओवाल्याने घातलेल्या सिनेमाच्या गाण्यांवर हक्काचा दावा येण्याची शक्यता धरा. नातेवाइकांना फाइल थेट पाठवणं सोपं.

राहिली मामांची कॅसेट. ती एनटीएससीची आहे, टी-१२० असं वर लिहिलं असेल. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर ती वाजवतात, पण टीव्हीला चालावी म्हणून पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल बाहेर काढतात: ओळी आणि गती एनटीएससीची, रंग पालचा. कॅप्चर उपकरणाच्या यादीत पाल-६० असेल तर तो निवडा, नसेल तर चित्र काळं-पांढरं येईल. व्हीसीआरच्या मागे किंवा मेन्यूत एनटीएससी ३.५८ असा पर्याय असेल तर तो सगळ्यात चांगला, मग सॉफ्टवेअरमध्येही एनटीएससी-एम लावा. आकार ७२० बाय ४८०, गती २९.९७. तिची डीव्हीडीही एनटीएससीचीच करा, पालमध्ये बदलू नका. आपल्याकडचे डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती वाजवतात, आणि गती बदलली की हालचालीला झटके येतात.

काम झाल्यावर कॅसेटी टाकून देऊ नका. शेवटपर्यंत रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, भरल्या चाकाची बाजू खाली येईल अशा ठेवा. डब्यात सिलिका जेल, आणि दर पावसाळ्याआधी पुड्या बदला. बुरशीच्या दोन कॅसेटी मात्र वेगळ्या डब्यात.